‘बाळा’ खटकलं आणि राग ‘राणी’वर निघाला

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख गाळून)

वय 37. तालुक्याच्या गावी एका बँकेत शाखाधिकारी आहे, बदली होऊन आठ महिने झाले. दिवसभरात कुणी ना कुणी अनोळखी माणूस मला बाळा, बेटा, डिअर, राणी म्हणतो. कुरिअरचा मुलगा काकू म्हणतो. परवा साठीचे एक गृहस्थ, मोठी ठेव असलेले खातेदार, केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, “बाळा, जरा मोठ्या साहेबांना बोलाव.” मी हसून म्हणाले, “मीच आहे, बसा ना काका.” पुढची वीस मिनिटं ते मला बाळाच म्हणत होते. जाताना काउंटरवरच्या 26 वर्षांच्या क्लार्कला मात्र म्हणाले, “येतो साहेब.”

त्याच संध्याकाळी आठवडी बाजारात नेहमीच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “ने की गं राणी, मेथी लय कवळी हाय.” मी फाडकन बोलले, “मला राणी-बिणी म्हणायचं नाही.” त्या एकदम गप्प झाल्या. आता ‘मॅडम’ म्हणतात, भाजी पिशवीत टाकतात, पैसे घेतात. पूर्वी वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकायच्या, त्याही बंद. आई म्हणते, लोक प्रेमानं म्हणतात, तूच मनाला लावून घेतेस. नवरा म्हणतो, तुला कुणी लाडानं बोललेलंही खुपतं. आमच्या शाखेतल्या मावशींना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. मी अति करतेय का? आणि लोकांना थांबवू कसं?

उत्तर

नमस्कार.

वर ‘ताई’ लिहावं, ‘मॅडम’ लिहावं की ‘प्रिय मैत्रीण’, यावर मी बराच वेळ अडले. तुमचं पत्र वाचल्यावर यातलं काहीच तुम्हाला न विचारता लिहावंसं वाटेना. म्हणून नुसता नमस्कार.

तुम्ही अति करत नाही. हे आधी सांगते, कारण घरात दोघांपैकी कुणीच ते सांगितलेलं दिसत नाही. खटकलं म्हणजे खटकलं. पण नेमकं काय खटकलं, याची तुमच्या पत्रात सरमिसळ झाली आहे. बाळा, राणी, डिअर, काकू असं सगळं तुम्ही एकाच पिशवीत भरलंय, आणि बाजारातला तो प्रसंग त्यामुळेच घडला असं मला वाटतं. पिशवी जरा उपसून बघू.

आधी ते खातेदार. आई म्हणतात, लोक प्रेमानं म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नसणार. ‘बाळा’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर प्रेमानंच ऐकला असेल आणि प्रेमानंच उच्चारला असेल. पण या गृहस्थांनी तुम्हाला उणंपुरं अर्धं मिनिट पाहिलं होतं. टेबलामागं बसलेली बाई बघून त्यांनी ठरवून टाकलं की ही साहेब नाही, साहेब कुठंतरी आत असतील. ‘बाळा’ त्या अंदाजाच्या पाठोपाठ आलं. अंदाज कुणाचाही चुकतो. पण तुम्हीच शाखाधिकारी आहात हे कळल्यावरही वीस मिनिटं शब्द बदलला नाही, आणि तुमच्या हाताखालच्या पोराला जाताना ‘साहेब’ मिळालं, हे तुम्हाला लागलं. लागणारच.

आणखी एक बारीक गोष्ट. ते ‘बोलाव’ म्हणाले, ‘बोलवा’ म्हणाले नाहीत. मराठीत मान हाकेत थोडा आणि क्रियापदाच्या शेवटाला जास्त असतो. ‘बाळा, जरा बसतेस का’ यातलं ‘बाळा’ गाळलं तरी ‘बसतेस’ उरतंच. कित्येकदा आपल्याला वाटतं की लाडाचं नाव बोचलं, आणि बोचलेलं असतं ते एकेरी क्रियापद.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी 1960 मध्ये युरोपातल्या भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’वर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जिथं दोन्ही बाजूंनी ‘तू’ चालतं तिथं जवळीक असते, आणि जिथं एकानं ‘तू’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘तुम्ही’ म्हणायचं तिथं सत्ता असते. निबंध फ्रेंच, जर्मन, इटालियन वगैरेंबद्दलचा आहे, पण तुमच्या केबिनमध्ये त्या दुपारी हेच चाललं होतं. ते तुम्हाला ‘बाळा, तू’. तुम्ही त्यांना ‘काका, तुम्ही’.

यावर कुणी म्हणेल की ते वयानं मोठे होते, आपल्याकडे मोठ्यांनी लहानांना एकेरी बोलायची रीतच आहे. खरं आहे. ऐंशीच्या आजींनी मला आजही ‘बाळ’ म्हटलं तर मी त्यांच्याजवळ सरकून बसेन. म्हणून वयाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: माझ्या खुर्चीत याच वयाचा पुरुष असता, तर याच माणसानं त्याला हाच शब्द वापरला असता का? तुमच्या बाबतीत याचं उत्तर त्या गृहस्थांनी स्वतःच काउंटरवर देऊन टाकलं. नॉटिंगहॅमला राहणाऱ्या एका वाचकानं मागं मला कळवलं होतं की तिथं बसचा ड्रायव्हर, दुकानदार, सगळेच येणाऱ्याजाणाऱ्याला ‘डक’ म्हणतात. पहिले काही दिवस ते चक्रावले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाईला तेच, पुरुषाला तेच, कॉलेजच्या पोराला तेच आणि काठी टेकत चढणाऱ्या म्हाताऱ्यालाही तेच. त्यानंतर त्यांना ते आवडायला लागलं.

आता भाजीवाल्या मावशी. त्यांनी तुम्हाला ‘राणी’ म्हटलं, आणि तुम्ही इतके महिने त्यांना ‘मावशी’ म्हणत आलात. त्या तुमच्या आईची बहीण नाहीत आणि तुम्ही कुठल्या राज्याची राणी नाही. दोघींनी एकमेकींना एक नातं उसनं दिलं होतं आणि दोघींचं त्यावर बरं चाललं होतं. त्यांच्या तोंडी पुरुष गिऱ्हाइकाला ‘राजा’ किंवा ‘दादा’ असणार, शाळेतल्या पोरीलाही ‘राणी’च असणार. कोथिंबिरीच्या त्या चार काड्यांचा उल्लेख तुम्ही पत्रात केलात, तो मला फार महत्त्वाचा वाटला. काड्या आणि ‘राणी’ एकाच खात्यातल्या होत्या. तुम्ही एक बंद केलं, दुसरं आपोआप बंद झालं. त्यांनी सूड घेतला असं मला वाटत नाही. ‘मॅडम’ला वर काड्या टाकायच्या नसतात, एवढाच त्यांचा हिशेब.

आपल्या मुलखात अनोळखी माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं. कोल्हापुरात ‘भावा’, मालवणात ‘गो बाय’, विदर्भात ‘वं माय’, गोव्यात ‘बाब’ आणि ‘बाय’. मुंबईच्या मासळीबाजारात कोळीण पापलेट उलटंपालटं करून दाखवताना तुम्हाला एकेरीच बोलणार, मग तुम्ही न्यायाधीश असा नाहीतर शेजारच्या चाळीतल्या. ‘श्रीमती’ आणि ‘महोदया’ हे कागदावरचे शब्द. बाजारात कुणाच्या तोंडी येत नाहीत. ज्याला कसलंच नातं जोडायचं नसेल त्याच्यासाठी ‘अहो’ आहे. “अहो, जरा सरकता का?” यात वय नाही, जात नाही, लग्न झालंय की नाही ते नाही, बाई की पुरुष तेही नाही. आणि मान पुरेपूर आहे. कुणाला काय म्हणावं हे कळेनासं झालं की मी ‘अहो’ म्हणते, आणि तुमच्या काउंटरवरच्या मंडळींनाही तेच सुचवेन. दिवसभर समोर येणाऱ्या माणसाला ‘काकू’ म्हणावं की ‘ताई’ हे त्यांनाही ठरवावं लागत असणारच.

मग तुमचा आवाज भाजीवाल्या मावशींवरच का चढला? वड्याचं तेल वांग्यावर निघालं. दुपारी गिळलेलं संध्याकाळी बाहेर पडलं, आणि जिथं बोलायला धोका नव्हता तिथं पडलं. खातेदाराला बोलला असता तर ठेवीचा विचार होता, वरिष्ठांचा विचार होता. भाजीवालीला बोलायला कसलीच भीती नव्हती. तुम्हाला खजील करावं म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये असं वारंवार दिसतं की वरून आलेला शब्द आपण सोसतो आणि खालून आलेल्या शब्दाला सुनावतो. हे लक्षात आलं म्हणजे पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी क्षणभर तरी विचार होतो, की आत्ता मी नक्की कुणाशी बोलतेय.

शाखेतल्या मावशी हसल्या असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्या हसण्यापाशी मी थांबले. त्यांना शाखेत ‘मावशी’ कोण म्हणतं? सगळेच. तुम्हीही, आणि तो 26 वर्षांचा क्लार्कही. त्यांचं वय काय असेल? कदाचित तुमच्याहून दोन-चार वर्षांनीच जास्त. आपल्या कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत एक विचित्र वाटणी झाली आहे. वरच्यांना ‘सर’, ‘मॅडम’, ‘साहेब’. झाडूपोछा करणाऱ्या बाईला ‘मावशी’ आणि फायली नेणाऱ्याला ‘मामा’. म्हणजे ज्याच्या आडनावाची कुणाला गरज पडत नाही, त्याला आपण नात्यात घेतो. त्यांना ‘मावशी’ आवडतही असेल, मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही, कारण विचारलेलं नाही. एकदा चहाच्या वेळी विचारा, “तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?” तुम्ही सांगितलेल्या गोष्टीवर त्या का हसल्या, तेही कदाचित त्याच वेळी कळेल.

‘काकू’बद्दल थोडंच लिहिते. यात वयाची टोचणी आहे आणि ती खरी आहे. मला पहिल्यांदा एका मुलीनं ‘आजी’ म्हणून बसमध्ये जागा दिली तेव्हा घरी येईपर्यंत मन खट्टू होतं. पण कुरिअरच्या मुलाला दिवसाला कितीतरी दारं वाजवायची असतात आणि प्रत्येक दारात अर्ध्या सेकंदात काहीतरी म्हणायचं असतं. “ताई म्हण रे,” एवढं हसून सांगितलं तर तो पुढच्या वेळी ताई म्हणेल. ‘डिअर’ म्हणजे फोनवरून विक्री करणाऱ्यांची सवय. “डिअर नको, नावानं बोला,” इतकं पुरतं.

लाडाच्या शब्दामागं लाळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ‘डार्लिंग’, ‘जानू’, नजर फिरवत म्हटलेलं ‘स्वीटी’. अशा ठिकाणी समजून घ्या, सोडून द्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. अंदमानात ड्युटीवर असलेल्या एका महिला पोलिसाला दारूच्या नशेतल्या माणसानं ‘डार्लिंग’ म्हटलं. 2024 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं निर्वाळा दिला की अनोळखी स्त्रीला असं म्हणणं ही लैंगिक अर्थाची शेरेबाजी आहे आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 354अ खाली तो गुन्हा आहे. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 मध्ये आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा 2013 चा कायदाही फक्त सहकाऱ्यांपुरता नाही. कामाच्या निमित्तानं येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, म्हणजे खातेदारसुद्धा त्यात आला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं तक्रार समिती असावीच लागते. तुमच्या ‘बाळा’ला हे लागू नाही, आणि ओढूनताणून लावूही नये. पण हे वाचणाऱ्यांत कुणाला ‘डार्लिंग’ ऐकावं लागत असेल, तर तिनं तारीख, वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत.

आणखी एक जागा आहे जिथं लाडाचं नाव फार खोल जातं, आणि तिथं माणसाला उलटून बोलताही येत नाही. माझी आई 81 वर्षांची असताना खुब्याचं हाड मोडून रुग्णालयात होती. तिनं 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं. सकाळच्या पाळीची परिचारिका, वीसेक खाटा सांभाळणारी, स्वभावानं चांगली मुलगी, चमचा पुढं करून म्हणायची, “आजी, आ करा बरं, शहाणं बाळ ना तुम्ही?” आई तोंड भिंतीकडे फिरवायची. आम्हाला वाटलं भूक मेली. तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सहज म्हणाले, “शाळेत यांना सगळे बाई म्हणायचे.” तिनं लगेच उचललं. “बाई, गोळीची वेळ झाली.” आईनं हात पुढं केला, गोळी तळव्यावर घेतली आणि विचारलं, “पाणी कोमट आहे का?” त्या दिवशी ती जेवली.

पुढं माझ्या वाचनात आलं की क्रिस्टिन विल्यम्स या परिचारिका-संशोधिकेनं अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषेचं चित्रण करून हेच पाहिलं होतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लहान मुलाशी बोलावं तसं बोललं की ही माणसं मदत नाकारण्याची शक्यता वाढते, साधं मोठ्या माणसासारखं बोललं की कमी होते, असं दिसलं. नाव, पत्ता, दिवस विसरलेल्या माणसालाही आपल्याला लहान केलेलं कळतं. तुमच्या घरातलं कुणी रुग्णालयात असेल तर पहिल्याच दिवशी तिथल्या मंडळींना सांगा, यांना गुरुजी म्हणा, बाई म्हणा, आप्पा म्हणा, जे असेल ते. कुणालाही आवडेल असं सांगणं आहे हे, आणि बहुतेक जण ऐकतात.

आता तुमचे खातेदार पुन्हा येतील तेव्हाचं. या वेळी हसू नका. मागच्या वेळी ‘मीच आहे’ हे तुम्ही हसत सांगितलंत आणि लगेच ‘काका’ म्हणालात. त्यांना ते पुतणीनं म्हटल्यासारखं ऐकू गेलं असणार. शांतपणे म्हणा, “नमस्कार, मी इथली शाखाधिकारी,” आणि पुढं तुमचं आडनाव. “बसा, काय काम काढलंत?” बहुतेक माणसं एवढ्यावर सावरतात. तरीही ‘बाळा’ आलंच तर काम संपल्यावर, दार लोटून, दोघांतच सांगा: “मला मॅडम म्हणा किंवा आडनावानं हाक मारा. बाळा नको.” कारणं देत बसू नका, माफीही मागू नका. “अगं, तू माझ्या मुलीसारखी,” असं म्हणतील. म्हणा, “तुमची मुलगी इथं बसली असती तरी बँकेत मॅडमच असती.” ठेवीची काळजी मी समजू शकते, पण ठेव त्यांनी व्याजासाठी ठेवली आहे, हाक मारायच्या सोयीसाठी नाही.

त्या क्लार्कलाही सांगा, तक्रार म्हणून नको, कामाचा भाग म्हणून. ‘येतो साहेब’ला त्यानं “साहेब मी नाही, मॅडम आत आहेत,” एवढं उत्तर दिलं तर तुमचं निम्मं बोलणं वाचेल. तुमच्या नावाची पाटी मराठीत, हुद्द्यासकट, दारातून दिसेल अशी लावली आहे का तेही बघा.

नवऱ्याशी वाद घालू नका, एकच विचारा. उद्या त्याच्या ऑफिसात एखाद्या गिऱ्हाइकानं सगळ्यांदेखत त्याला “सोन्या, जरा साहेबांना बोलाव,” म्हटलं तर? उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.

आणि येत्या बाजाराच्या दिवशी जरा लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. मावशींच्या समोर उभं राहून, पाट्या मांडून झाल्या की सांगा, “मावशी, त्या दिवशी माझा राग दुसऱ्याचा होता, तुमच्यावर निघाला. चुकलं माझं.” त्यापुढं काही नको, जास्तीचे पैसेही नकोत, त्यानं त्या आणखी दुखावतील. मेथीची जुडी घ्या आणि निघा. त्यांनी पुढचे दोन-तीन बाजार ‘मॅडम’च म्हटलं तर म्हणू द्या. परत ‘राणी’ म्हणायचं की नाही, हे आता त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.